घरी बांधलेल्या हॉट रॉडचे इंजिन बदलताना

कारखान्यात तयार झालेल्या मोटारीचे इंजिन निकामी झाले तर ते बदलण्याचे काम कष्टाचे असते, पण त्याची वाट आधीच आखलेली असते. कोणता बोल्ट कोणत्या क्रमाने सोडायचा, तो परत किती जोराने आवळायचा, कोणत्या वर्षाच्या मॉडेलला कोणता सुटा भाग लागतो, हे सारे उत्पादकाने छापलेल्या पुस्तकात दिलेले असते आणि त्या पुस्तकाच्या आधारे डेट्रॉइटचा मेकॅनिक जे करतो तेच पुण्याचा मेकॅनिकही करू शकतो. अमेरिकेत हॉट रॉड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाड्यांना असे पुस्तक नसते. बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या एखाद्या मोटारीची चासी आणि पत्रा घ्यायचा, त्यात दुसऱ्याच गाडीचे अधिक ताकदीचे इंजिन, तिसरीचा गिअरबॉक्स आणि चौथीचे स्टिअरिंग बसवायचे, मडगार्ड किंवा बंपर यांसारखे वेगाला नको असलेले वजन काढून टाकायचे आणि हे सर्व घराशेजारच्या गॅरेजमध्ये, सुट्टीच्या दिवशी, जमेल तसे करायचे, अशी या गाड्यांची ढोबळ व्याख्या करता येईल. अशा गाडीतले कोणतेच दोन मोठे भाग एकमेकांसाठी बनवलेले नसतात. ते एकमेकांशी जुळतात ते बांधणाऱ्याने कापलेल्या, जोडलेल्या, घासलेल्या आणि क्वचित ठोकून बसवलेल्या मधल्या तुकड्यांमुळे. त्यामुळे इंजिन बाहेर काढले की गाडी बांधताना केलेल्या सगळ्या तडजोडी पुन्हा उघड्या पडतात आणि त्यांतली प्रत्येक नव्याने तपासावी लागते. या कामाची खरी अवघड बाजू तीच आहे. वजन उचलण्याची बाजू त्या मानाने सोपी म्हणायला हवी.

या छंदाचा उगम दक्षिण कॅलिफोर्नियात झाला. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील मोहावी वाळवंटात म्यूरॉक, एल मिराज यांसारखे कोरडे पडलेले तलाव आहेत आणि त्यांच्या मैलोन्मैल सपाट, टणक तळावर १९३० च्या दशकात तरुण मुले स्वतः दुरुस्त केलेल्या जुन्या फोर्ड गाड्या पळवून वेग मोजत असत. या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली, जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी ‘हॉट रॉड’ हे मासिक सुरू केले आणि एका प्रदेशापुरता असलेला छंद देशभर पोहोचला. (म्यूरॉकचा तलाव तोपर्यंत लष्कराच्या ताब्यात गेला होता, आज तो एडवर्ड्स हवाई तळाचा भाग आहे.) या सगळ्याच्या मध्यभागी राहिली ती १९३२ ची फोर्ड. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन, म्हणजे चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडलेले इंजिन, फोर्ड कंपनीने त्या वर्षी प्रथम दिले. ते २२१ क्युबिक इंचांचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे होते आणि त्याची ताकद ६५ अश्वशक्ती होती. त्याच्या झडपा वरच्या झाकणात, म्हणजे हेडमध्ये नव्हे तर सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्येच होत्या, त्यामुळे हेड सपाट आणि इंजिन बुटके झाले. मात्र जळलेला वायू बाहेर जाण्याचे मार्गही त्याच ब्लॉकमधून, थंड करणाऱ्या पाण्याला चिकटूनच गेले आणि इंजिन तापणे, झडपेपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला चीर जाणे ही दुखणी त्याला जन्मभर पुरली.

या दुखण्यांवरचा उतारा १९५५ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीकडून आला. एड कोल यांच्या नेतृत्वाखाली शेवरोलेच्या अभियंत्यांनी २६५ क्युबिक इंचांचे जे व्ही-८ इंजिन तयार केले, ते पुढे ‘स्मॉल ब्लॉक’ या नावाने प्रसिद्ध झाले. पातळ भिंतींचे ओतकाम, झडपा दाबणाऱ्या प्रत्येक रॉकरला सामाईक दांड्याऐवजी स्वतःची खुंटी आणि रॉकर ढकलणाऱ्या पोकळ पुशरॉडमधून वर जाणारे ऑइल, अशा युक्त्यांमुळे ते शेवरोलेच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षाही हलके झाले. पुढे ते २८३, ३२७ आणि १९६७ पासून ३५० क्युबिक इंच अशा आकारांत निघत गेले. यांपैकी शेवटचे, म्हणजे ५.७ लिटरचे, इंजिन इतक्या गाड्यांत बसले की भंगारच्या आवारात ते सहज मिळू लागले. शेवरोलेच्या मालक कंपनीने, जनरल मोटर्सने, आपले दहा कोटीवे स्मॉल ब्लॉक २०११ मध्ये बाहेर काढले, अर्थात त्यात नंतरच्या पिढ्यांची वेगळ्या घडणीची इंजिनेही मोजलेली आहेत. फोर्डच्या पत्र्यात शेवरोलेचे इंजिन बसवण्याबद्दल फोर्डचे निष्ठावंत आजही नाक मुरडतात. पण स्वस्त, हलके, आखूड आणि सुटे भाग कुठेही मिळणारे इंजिन हवे असेल तर त्यांच्या तक्रारीत भावनेपलीकडे फारसे काही उरत नाही.

अशा इंजिनाचा शेवट अचानक झाला असे मालकाला वाटते, परंतु यंत्राने सूचना आधी दिलेल्या असतात. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा वाकडातिकडा दांडा, आणि त्याला पिस्टनशी जोडणारे कनेक्टिंग रॉड यांच्यामध्ये दोन अर्धगोल पातळ कवचांची बेअरिंग असते. त्यात गोळ्या नसतात. कवच आणि दांडा यांच्यामध्ये इंचाचा दोन ते तीन हजारांश भाग, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग किंवा थोडी अधिक, एवढी फट असते आणि त्या फटीत दाबाने भरलेल्या ऑइलच्या थरावर सगळा भार तरंगतो. हा थर तुटला की धातूवर धातू घासतो, कवचावरचा मऊ धातू निघून खालचे तांबे दिसू लागते, फट वाढते, वाढलेल्या फटीतून ऑइल वाहून जाते आणि उरलेल्या बेअरिंगांचाही दाब कमी होतो. इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे प्रति चौरस इंच १० पौंड दाब असावा, असा एक जुना ठोकताळा मेकॅनिक मंडळी वापरतात. गरम इंजिनाचा काटा या मर्यादेखाली रेंगाळू लागला आणि वेग स्थिर ठेवून ॲक्सिलरेटर किंचित सोडताच खालून ठकठक असा जड आवाज येऊ लागला, की निदान जवळजवळ झालेलेच असते. आवाज कोणत्या सिलिंडरचा आहे हे शोधण्यासाठी एकेका स्पार्क प्लगची वायर काढून पाहतात. ज्या सिलिंडरचा स्फोट थांबल्यावर ठोका मंदावतो, त्याच्या रॉडचे बेअरिंग गेलेले असते.

यानंतरची तपासणी ऑइल फिल्टरची. फिल्टरचे पत्र्याचे कवच कापून आतला घड्यांचा कागद पिळून पसरला की त्यात चमकणारा कीस दिसतो आणि या किसाचे वाचन हा कौशल्याचा भाग आहे. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलाद किंवा बिडाचे, म्हणजे झडपा उघडणारा कॅमशाफ्ट, त्यावर टेकणारे टॅपेट किंवा पिस्टनच्या रिंगा यांचे असतात. न चिकटणारे, राखाडी किंवा तांबूस पापुद्रे बेअरिंगचे असतात. पुढे ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाशी असणारी ऑइलची परात, खाली उतरवली की कल्पनेला जागा राहत नाही. कवच आपल्या बैठकीतच फिरले असेल तर ऑइल येण्याचे छिद्र झाकले जाते, त्या जागचा क्रँक उष्णतेने निळसर पडतो आणि तसेच चालवले असल्यास रॉड तुटून ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर आलेला असतो. क्रँक निळा पडण्यापर्यंतच मजल गेली असेल तर तो घासून, जाड कवचे वापरून इंजिन पुन्हा बांधता येते. ब्लॉकला भोक पडले असेल तर ते शहाणपणाचे ठरत नाही, विशेषतः जेव्हा त्याच जातीचा दुसरा ब्लॉक थोड्या पैशांत मिळतो.

येथपर्यंतचे वर्णन कोणत्याही मोटारीला लागू पडेल. हॉट रॉडचा वेगळेपणा पुढच्या प्रश्नात आहे: इंजिन मेले कशाने? या प्रश्नाचे उत्तर न शोधता नवे इंजिन बसवण्याची घाई हा या छंदातला सर्वांत महागडा दोष मानावा लागेल, कारण घरी बांधलेल्या गाडीत इंजिनाच्या मृत्यूचे कारण अनेकदा इंजिनाच्या बाहेर असते. उदाहरणार्थ, १९३२ च्या चासीतली आडवी पट्टी आणि स्टिअरिंगचे दांडे चुकवण्यासाठी ऑइल चेंबर कापून त्याचा तळ वर घेतलेला असतो. चेंबरच्या तळापासून ऑइल ओढणाऱ्या नळीचे तोंड सुमारे सहा ते दहा मिलिमीटर वर असावे लागते. तळ वर घेताना हे अंतर मोजले नसेल तर नळी तळाला टेकून उपाशी राहते, आणि तळ खाली घेतला असेल तर ती हवा ओढते. चेंबरचा खोल भाग मागच्या बाजूला असलेल्या इंजिनात जोराने ब्रेक दाबला की ऑइल पुढे धावते आणि नळीचे तोंड क्षणभर उघडे पडते. कारखान्याच्या चेंबरमध्ये हे टाळण्यासाठी आडपडदे असतात, घरी जोडलेल्या चेंबरमध्ये ते असतीलच असे नाही.

दुसरे कारण उष्णतेचे. त्या फोर्डचे नाक उंच पण अरुंद असते, त्यामागे बसणारा रेडिएटरही अरुंदच, आणि त्याच्याकडून मूळच्या ६५ अश्वशक्तीऐवजी तीनशे अश्वशक्तीची उष्णता बाहेर टाकण्याची अपेक्षा केलेली असते. महामार्गावर वारा मिळतो तोवर हे निभावते. गर्दीत गाडी सावकाश चालू लागली की पाणी तापते, ऑइल पातळ होते आणि वर सांगितलेला थर विरळ होतो. तिसरे कारण सर्वांत फसवे आहे, कारण ते गिअरबॉक्सकडून येते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टर या ऑइलने भरलेल्या डब्यामार्फत पुढे जाते आणि हा डबा इंजिनाच्या मागच्या फ्लेक्सप्लेट नावाच्या पातळ चकतीला बोल्टने जोडतात. जोडण्यापूर्वी दोहोंमध्ये तीन ते पाच मिलिमीटर मोकळी जागा असायला हवी. निरनिराळ्या गाड्यांचे भाग एकत्र आणताना ही जागा उरली नाही, तर कन्व्हर्टर क्रँकला सतत पुढे ढकलत राहतो आणि हा रेटा सहन करणारे पाचवे, सर्वांत मागचे मुख्य बेअरिंग झिजून जाते. असे बेअरिंग दिसले की नवे इंजिन मागवण्याआधी गिअरबॉक्सचे माप घेतले पाहिजे. अन्यथा दुसरे इंजिनही त्याच वाटेने जाईल आणि दोष इंजिन बांधणाऱ्याच्या माथी मारला जाईल.

नव्या इंजिनाच्या निवडीत तीन वाटा असतात. जुनेच पुन्हा बांधणे, भंगारातून आणलेले वापरणे, किंवा कंपनीने पेटीत भरून विकलेले, तयार नवे इंजिन घेणे. यांतील कोणतीही निवडली तरी एक भ्रम आधी दूर करावा लागतो, तो म्हणजे ३५० च्या जागी ३५० बसवायचे असल्याने सगळे भाग जुळतील हा. स्मॉल ब्लॉकची मूळ मापे अनेक दशके टिकली हे खरे. १९५५ चा गिअरबॉक्स जोडण्याचा बोल्टांचा नमुना पुढच्या पिढ्यांतही तोच राहिला. परंतु तपशिलात कंपनीने वारंवार हात घातला. १९५५ ते १९५७ च्या ब्लॉकना बाजूचे आधार बसवण्याची बोल्टांची जागाच नव्हती. ती १९५८ मध्ये आली. १९६९ मध्ये पाण्याचा पंप लांब झाला, त्यासोबत पट्ट्याच्या पुल्या पुढे सरकल्या आणि आखूड बॉनेटच्या फोर्डमध्ये हा काही सेंटिमीटरांचा फरक पंखा रेडिएटरला लागण्यास पुरेसा असतो. म्हणून हॉट रॉड बांधणारे जुना आखूड पंप जपून ठेवतात. १९८० मध्ये ऑइल मोजण्याची पट्टी चालकाच्या बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली, त्यामुळे जुना चेंबर नव्या ब्लॉकला चालत नाही, आणि जो चेंबर चासीच्या मापाने कापून बसवलेला असतो तोच नेमका निरुपयोगी ठरतो.

सर्वांत घातक फरक १९८६ चा आहे. त्या वर्षीपासून क्रँकच्या मागच्या टोकाला ऑइल गळू नये म्हणून बसवले जाणारे सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध आले, क्रँकच्या मागच्या चकतीवरील बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आले आणि क्रँकचा समतोल साधण्यासाठी लागणाऱ्या वजनाचा काही भाग फ्लेक्सप्लेटवर गेला. जुनी फ्लेक्सप्लेट नव्या क्रँकवर बसतच नाही, हे सुदैव. पण बोल्टांचे वर्तुळ जुळते म्हणून वेगळ्या समतोलाची, उदाहरणार्थ ४०० क्युबिक इंचाच्या इंजिनाची, फ्लेक्सप्लेट जुन्या ३५० वर कुणी बसवलीच तर इंजिन थरथरू लागते आणि ही थरथर काही दिवसांत बेअरिंगांपर्यंत पोहोचते. इंजिन नेमके कोणते हे ओळखण्यासाठी ब्लॉकच्या मागच्या कडेवर ओतलेला क्रमांक वाचावा लागतो, आणि तो घाण, गंज व जुन्या रंगाखाली दडलेला असल्याने खरेदीच्या वेळी तारेचा ब्रश जवळ ठेवणारा माणूस बोलाचालीत हुशार असणाऱ्यापेक्षा कमी फसतो.

इंजिन उतरवण्याची क्रिया पाहताना ती जितकी नाट्यमय वाटते तितकी नसते. बॅटरीचा दुवा तोडायचा, पाणी आणि ऑइल सोडायचे, बॉनेटच्या बाजू, पुढची जाळी आणि रेडिएटर उतरवायचा, इंधनाची नळी बंद करून तिचे तोंड झाकायचे, वायरींना खुणा बांधायच्या. शेवटचे काम कंटाळवाणे असल्याने टाळले जाते. पण कारखान्याच्या गाडीत तुटलेला दुवा वायरिंगच्या नकाशावरून शोधता येतो, येथे नकाशा बांधणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि बांधणारा दहा वर्षांपूर्वीचा आपणच असलो तरी त्याचे डोके आता उपलब्ध नसते. सर्व सरंजामासह सुमारे २६० किलो वजनाचे हे धूड उचलण्यासाठी चाकांवर सरकणारी, हायड्रॉलिक जॅकने वर जाणारी बाहूची क्रेन वापरतात. एका हेडच्या पुढच्या कोपऱ्यापासून दुसऱ्याच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत साखळी बांधली की भार तिरका न होता उचलला जातो. गॅरेजच्या छपराच्या वाशाला साखळी अडकवून काम भागवण्याचा मोह जगभर सारखाच आहे आणि त्यातले अपघातही.

गिअरबॉक्ससकट इंजिन काढायचे की एकटे, यावर मतभेद आहेत. एकट्याला जागा कमी लागते. पण गिअरबॉक्सला जोडणारे बोल्ट फायरवॉलखाली, म्हणजे इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या भिंतीखाली, दडलेले असतात आणि परत बसवताना कन्व्हर्टर चुकीचा बसण्याची भीती असते. हा कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या आत तीन टप्प्यांत, एकामागे एक तीन जोडांवर बसतो. दोन टप्पे बसून तिसरा राहिला तरी तो वरून बसल्यासारखाच दिसतो, आणि मग इंजिन व गिअरबॉक्स यांच्यातली उरलेली फट बोल्ट आवळून मिटवली की गिअरबॉक्सचा पंप फुटतो. दोन तोंडे हाताने ढकलून एकमेकांना टेकली पाहिजेत, ती बोल्टने ओढू नयेत, हा नियम म्हणूनच कडकपणे पाळला जातो. मडगार्ड नसलेल्या गाडीत पुढून मोकळी जागा असल्याने दोन्ही एकत्र काढून जमिनीवर सावकाश जोडणे अधिक सुरक्षित ठरते.

इंजिनाची जागा रिकामी असते तो या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा काळ असतो आणि त्याचा उपयोग न करणारे बरेच असतात. एरवी कधीच न दिसणारी फायरवॉल, स्टिअरिंगची पेटी, ब्रेकच्या नळ्या, चासीचे वेल्डिंगचे सांधे आता समोर असतात. इंजिनाच्या आधाराजवळच्या वेल्डिंगला बारीक तडे गेलेले दिसतात, पिचकून अर्धी झालेली इंधनाची नळी सापडते, वर्षानुवर्षे पायाशी येणाऱ्या उष्णतेचे कारण एका उघड्या छिद्रात मिळते. ऑइल थंड करणारा छोटा रेडिएटर जोडलेला असेल तर तो याच वेळी फेकून द्यावा, धुऊन परत वापरू नये. मेलेल्या इंजिनाचा धातूचा कीस त्याच्या बारीक नळ्यांत अडकून राहतो आणि नव्या इंजिनाच्या पहिल्याच फेरीत बाहेर येतो.

नवे इंजिन आत जाऊ लागले की जुन्या तडजोडींशी खरी गाठ पडते. शेवरोलेचा डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्रत्येक स्पार्क प्लगला पाळीने वीज वाटणारा भाग, इंजिनाच्या मागच्या टोकाला असतो आणि तो मावावा म्हणून फोर्डच्या फायरवॉलमध्ये खोबण केलेली असते. जुन्या डिस्ट्रिब्यूटरला पुरणारी खोबण मोठ्या टोपीच्या नव्याला पुरत नाही, आणि इंजिन पुढे सरकवावे तर पंखा रेडिएटरला लागतो. एकाच बोटभर जागेवर दोन्ही टोकांचा हक्क असतो. मागचे टोक किती खाली ठेवायचे हाही प्रश्न उरतो, कारण गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही सांधे सारख्याच, थोड्याशा कोनात असले तरच तो न थरथरता फिरतो. रबरी आधारांवर बसलेल्या इंजिनाला चासीशी जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी लावायची राहून गेली, तर स्टार्टरचा सगळा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि ती केबल तापून चिकटून बसते.

सुरू करण्याआधी ऑइलला इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात पोहोचवणे भाग असते. या इंजिनाचा ऑइल पंप डिस्ट्रिब्यूटरच्याच दांड्याने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्यूटर काढून त्याच्या छिद्रातून, दाते काढलेल्या जुन्या डिस्ट्रिब्यूटरचा सांगाडा अडकवलेली काठी घालून, ती ड्रिल मशीनने घड्याळाच्या दिशेने फिरवतात. नुसती काठी चालत नाही, कारण डिस्ट्रिब्यूटरचे अंगच ऑइलच्या एका मार्गाचे बूच असते आणि ते नसले तर दाब मध्येच गळतो. ड्रिलवरचा भार एकाएकी वाढतो, काटा चढतो, क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत राहिले की एकेका रॉकरमधून ऑइल पाझरू लागते. सोळाही रॉकर ओले झाल्याशिवाय पुढे जायचे नसते. मग पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत वर आणून, प्लगच्या छिद्रावर बोट ठेवून हवेचा रेटा तपासून, डिस्ट्रिब्यूटर परत बसवतात आणि १-८-४-३-६-५-७-२ या क्रमाने वायरी लावतात. बोटाची ही साधी चाचणी गाळली तर डिस्ट्रिब्यूटर बरोबर अर्ध्या फेरीने उलटा बसण्याची शक्यता निम्मी असते, आणि त्याची खबर कार्ब्युरेटरमधून उसळणाऱ्या ज्वाळेने मिळते.

जुन्या पद्धतीच्या, सपाट तळाच्या टॅपेटचा कॅमशाफ्ट असेल तर पहिली वीस मिनिटे निर्णायक ठरतात. टॅपेटचा तळ दिसायला सपाट असला तरी किंचित फुगीर असतो, कॅमची कड किंचित उतरती असते आणि त्यामुळे टॅपेट स्वतःभोवती फिरत झिजून आपली जागा करून घेतो. त्याला ऑइल मिळते ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि मंद फेऱ्यांत ते पुरेसे उडत नाही. म्हणून इंजिन सुरू होताच त्याला मिनिटाला दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर नेऊन सुमारे वीस मिनिटे तेथेच ठेवावे लागते. यासाठी ऑइलही जस्ताचे संयुग अधिक असलेले निवडतात, कारण आधुनिक गाड्यांतील उत्प्रेरक यंत्रणेच्या रक्षणासाठी नेहमीच्या ऑइलमधले हे संयुग कमी करण्यात आले आहे. गंमत अशी की अरुंद रेडिएटरच्या, जागेवर उभ्या असलेल्या हॉट रॉडसाठी हीच वीस मिनिटे उष्णतेची सर्वांत कठीण परीक्षा असतात. पुढे मोठा पंखा लावून आणि हाताशी पाण्याची नळी ठेवून ती पार पाडतात. काट्यावर नजर ठेवणारा एक आणि गळती शोधणारा दुसरा, अशी दोन माणसे या वेळी असावीत. एकट्याने हे काम करणे धाडसाचे नसून अविचाराचे आहे. त्यानंतर लगेच ऑइल बदलतात, फिल्टर कापून पाहतात आणि पाचशे मैलांनंतर पुन्हा तेच करतात.

भारतात असा छंद वाढला नाही याचे एक कारण कायद्यात आहे. नोंदणी प्रमाणपत्रावर इंजिनाचा क्रमांक असतो आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यास मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. कॅलिफोर्नियातही मोकळे रान नाही: घरी बांधलेल्या गाड्यांना धुराच्या चाचणीत सवलत देणारी प्रमाणपत्रे तेथे वर्षाला फक्त ५०० दिली जातात. तरीही तेथे ज्याने अशी गाडी स्वतः बांधली आहे किंवा दुसऱ्याने बांधलेली विकत घेतली आहे, त्याने निदान एक गोष्ट करावी. इंजिन बाहेर आहे तोवर एक वही उघडावी आणि ब्लॉकवरचा क्रमांक, क्रँकच्या सीलचा प्रकार, फ्लेक्सप्लेट कोणत्या वर्षाची, पाण्याचा पंप लांब की आखूड, पट्ट्याचा नंबर, चेंबरमधील नळीचे तळापासूनचे अंतर, कन्व्हर्टरची मोजलेली फट आणि कोणता भाग कोणत्या गाडीचा आहे, हे सारे तारखेसह लिहून ती वही गाडीतच ठेवावी.